खडू फासलेला उमेदवार

निवडणूक जाहीर झाली की आमच्या भागात सगळ्यांत आधी धंदा वाढतो तो इस्त्रीवाल्याचा. पक्षांच्या याद्या अजून दिल्लीत अडकलेल्या असतात, पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाच्या खिशात आहे याचा कुणालाच पत्ता नसतो, युती राहणार की तुटणार हे युतीतल्यांनाही ठाऊक नसतं. पण इस्त्रीच्या टपरीतल्या तारेवर पांढऱ्या सदऱ्यांची रांग मात्र लागलेली असते. काल-परवापर्यंत फाटक्या जीन्समध्ये चौकात उभा असणारा एखादा दादा अचानक परीटघडीच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, खिशाला पेन लावून, दिसेल त्या म्हाताऱ्याच्या पाया पडू लागला की ओळखावं : प्रभागाची आरक्षण सोडत त्याला हवी तशी निघाली आहे.

या पांढऱ्या कपड्यांचं श्रेय आपण खादीला देतो आणि खापरही तिच्यावरच फोडतो. स्वातंत्र्यलढ्यात खादी ही पुढाऱ्याची खूण झाली हे खरंच. पण मतं मागायला निघताना पांढरंशुभ्र होऊन निघायचं, ही युक्ती काँग्रेसच्या जन्माच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधीची आहे. इतकी जुनी, की निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाचं इंग्रजीतलं नावच मुळी त्याच्या कपड्यांवरून पडलं. कँडिडेट! लॅटिनमध्ये ‘कँडिडस’ म्हणजे चकचकीत पांढरा आणि ‘कँडिडाटस’ म्हणजे पांढरं नेसलेला. माणूस कोण, कुठला, किती शिकलेला, आधीच्या पाच वर्षांत कुठे होता, यांपैकी कशाचाही त्या शब्दात पत्ता नाही. कपडे पांढरे आहेत, बस्स.

हे सगळं घडलं रोममध्ये. तिथला नागरिक टोगा नेसायचा. टोगा म्हणजे लोकरीचं भलंमोठं वस्त्र, शिवण नाही, अंगाभोवती गुंडाळायचं आणि उरलेला भाग खांद्यावरून सोडायचा. लोकरीचा मूळ रंग काही शुभ्र नसतो, मळकटसर असतो. आता चौकात हजार माणसं तोच मळकट टोगा नेसून उभी असतील, तर त्यांतला मतं मागणारा कोण हे कळायचं कसं? म्हणून तो आपल्या टोग्यावर खडूची पूड चोळायचा. खडू फासलेल्या त्या टोग्याला म्हणायचे ‘टोगा कँडिडा’. उन्हात असा माणूस चालू लागला की दुरून झळकत असणार. शेजारून गेला की आपल्याही कपड्यांवर थोडा उमटत असणार.

लिव्ही या रोमन इतिहासकाराने नोंदवून ठेवलंय, की इ.स.पू. ४३२ मध्ये रोमच्या जनप्रतिनिधींनी यावर चक्क कायदाच केला : मतं मागण्यासाठी कुणीही कपड्यांना पांढरं लावायचं नाही. एवढ्याशा गोष्टीवरून त्या काळी उमराव आणि सामान्यजन यांच्यात मोठा झगडा झाला, याचं खुद्द लिव्हीलाच नवल वाटतं. त्याने हे लिहिलं चारशे वर्षांनी. मधल्या काळात कायद्याचं काय झालं हे सांगायला इतिहासकार लागत नाही. बंदी घातली खडूला, आणि खडूचंच नाव उमेदवाराला कायमचं चिकटलं. प्रचाराच्या बाबतीत केलेल्या कायद्यांचं नशीब तेव्हापासून तेच आहे.

पण खडू चोळण्याच्या आधी टोगा धुवायला लागतो, आणि इथून पुढे गोष्ट जरा नाक धरून वाचावी.

साबण नव्हता. म्हणजे रोमन परिटांकडे कपडे धुवायला साबण नव्हता. होतं ते शिळं मूत्र. मूत्र काही दिवस साठवलं की त्यात अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया लोकरीचा तेलकटपणा आणि मळ काढतो. परीट त्यासाठी रस्त्याकडेला मडकी ठेवायचे आणि येणारे-जाणारे नागरिक आपापल्या परीने मदत करायचे. ते जमा करून हौदात ओतायचं, त्यात कपडे टाकायचे आणि मग गड्यांनी हौदात उतरून पायांनी तुडवायचे. पॉम्पेई शहरात सापडलेल्या एका परिटाच्या कारखान्यातल्या भित्तिचित्रांत हे तुडवणं तपशिलाने रंगवलेलं आहे. नंतर गंधकाची धुरी, नंतर माती. ही माती म्हणजे आपल्याकडच्या मुलतानी मातीची जातभाई. आपल्याकडे ती चेहऱ्याला लावतात, तिथे टोग्याला लावत. इतकं सगळं झाल्यावर वर खडू. रोमच्या सार्वजनिक जीवनातला सगळ्यांत स्वच्छ दिसणारा माणूस हा असा तयार व्हायचा.

पुढे सम्राट व्हेस्पेशियनने या मूत्राच्या व्यवहारावर कर बसवला. त्याचा मुलगा टायटस म्हणाला, बाबा, हे जरा अतीच होतंय. त्यावर बापाने त्या करातून आलेलं पहिलं नाणं पोराच्या नाकाशी धरलं आणि विचारलं, वास येतो का? पोरगा म्हणाला, नाही. बाप म्हणाला, पण आलंय त्यातूनच. पैशाला वास नसतो, हा सिद्धांत पुढे राजकारणात किती उपयोगी पडला ते मी सांगायला नको. फ्रेंच आणि इटालियन भाषांनी कृतज्ञतेपोटी सार्वजनिक मुताऱ्यांना त्या सम्राटाचं नाव दिलं. आपल्याकडे निदान चौकांना नावं देतात.

आता थोडा पाहुणचार. कँडिडेट हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. लॅटिनमध्ये चमकणं या अर्थाची जी मूळ क्रिया आहे, तीच कँडलमध्ये आहे, आणि तिचं संस्कृतातलं सख्खं नातलग म्हणजे ‘चंद्र’. संस्कृतात चंद्र म्हणजे आधी चमकणारा, मग आकाशातला तो. तेव्हा कँडिडेट आणि चंद्र हे भाऊबंद आहेत. मला हे कळलं तेव्हा दोघांमधली साम्यं पटापट सुचू लागली : प्रकाश स्वतःचा नसतो, पक्ष बदलला की आकार बदलतो, डाग सगळ्यांना दिसत असून कुणी मनावर घेत नाही, आणि अमावास्येला, म्हणजे निकालानंतर, शोधून सापडत नाही. भाषाशास्त्रात एवढं बसत नाही, पण भाषाशास्त्रज्ञांना मतदारसंघ नसतो.

प्लुटार्क हा प्राचीन चरित्रकार सांगतो, की जुन्या काळी रोमचा उमेदवार टोग्याच्या आत सदरा घालत नसे. उघड्या अंगावर नुसता टोगा. का? एक कारण नम्रता. दुसरं कारण असं, की लढाईत झालेल्या जखमांचे व्रण लोकांना दाखवता यावेत. कोरिओलेनस नावाचा सेनापती सतरा वर्षांच्या लढायांचे व्रण अंगावर घेऊन मतं मागत फिरला. व्रण बघून लोक गहिवरले, याला निवडून देऊच म्हणाले. मग मतदानाच्या दिवशी हा सगळे बडे उमराव बरोबर घेऊन थाटात आला, आणि पडला. सतरा वर्षांचं काम एका मिरवणुकीत गेलं. आपल्या पुढाऱ्यांनी हा धडा बराचसा पचवलाय, पण अर्धाच : व्रण दाखवायचे विसरत नाहीत. अमुक आंदोलनात लाठी खाल्ली, तमुक साली तुरुंगात गेलो, माझ्यावरच्या सगळ्या केसेस राजकीय आहेत. फक्त आता आत सदरा असतो, आणि सदऱ्यावर जाकीट असतं, त्यामुळे व्रण नेमका कुठे आहे ते तपासता येत नाही.

पांढरं नेसून मग करायचं काय, तर फिरायचं. लॅटिनमध्ये या फिरण्याला म्हणत ‘अँबिशिओ’. इंग्रजीतली अँबिशन, म्हणजे ज्या महत्त्वाकांक्षेबद्दल आपण पोरांना निबंध लिहायला लावतो, ती मुळात गल्लोगल्ली मतं मागत फिरणं एवढीच होती. इ.स.पू. ३५८ मध्ये रोमकरांनी या फिरण्यालाही वेसण घातली. बाजार आणि खेडोपाडीचे मेळावे गाठत हिंडायला मनाई केली. खडूवरच्या बंदीसारखंच झालं. मराठी उमेदवार नुसता फिरत नाही, तो मतदारसंघ ‘पिंजून काढतो’. कापूस पिंजल्यावर निदान गादी होते.

फिरताना उमेदवाराच्या बरोबर एक गुलाम असे, नॉमेनक्लेटर. त्याचं काम एकच : समोरून येणाऱ्याचं नाव मालकाच्या कानात सांगायचं. मग मालक दोन्ही हात पसरून, ‘अरे मार्कस, बरं आहे ना?’ आमच्या सोसायटीत उमेदवार येतात तेव्हा त्यांच्या डाव्या खांद्याशी असाच एक जण चालत असतो. ‘तिसरा मजला, पाटीलकाका, गुडघ्याचं ऑपरेशन.’ लगेच उमेदवार : ‘काय काका, गुडघा काय म्हणतो?’ पाटीलकाका पुढचे चार दिवस भारावलेले. एकदा डाव्या खांद्यावाल्याने मजला चुकवला आणि चौथ्या मजल्यावरच्या धडधाकट कुलकर्ण्यांना गुडघ्याबद्दल विचारलं गेलं. कुलकर्णी त्या दिवसापासून लंगडतात असं त्यांच्या सौभाग्यवतींचं म्हणणं आहे.

रोममध्ये एकदा नॉमेनक्लेटर बरोबर न्यायलाही कायद्याने बंदी झाली. तो कायदा पाळला फक्त धाकटा केटो नावाच्या एका पुढाऱ्याने. त्याने सगळ्यांची नावं स्वतः पाठ केली. प्लुटार्क म्हणतो, त्याचं कौतुक करणारेही त्याच्यावर वैतागले, कारण त्याचं अनुकरण करणं फार जड होतं. प्रामाणिक माणसाबद्दलची ही तक्रार अजून तशीच चालू आहे.

नाव घेऊन झालं की हात हातात घ्यायचा. यात एकाची चांगलीच फजिती झाली. सिपिओ नासिका नावाचा बड्या घरचा तरुण एका पदासाठी उभा होता. एका शेतकऱ्याचा हात हातात घेतला तर तो राबून राबून घट्टे पडलेला. नासिकाने गमतीत विचारलं, ‘तू काय हातांवर चालतोस का?’ बाजूच्यांनी ऐकलं, आणि ही गोष्ट खेड्यापाड्यांतल्या सगळ्या मतदारांपर्यंत जाऊन पोचली. ना कॅमेरा, ना व्हॉट्सअ‍ॅप. कष्टकऱ्याची टिंगल करतो म्हणून शेतकऱ्यांनी त्याला घरी बसवलं. नंतर त्याने ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास करण्यात आला’ असा खुलासा केल्याची नोंद मात्र मिळत नाही. रोम तितकं पुढारलेलं नव्हतं.

पैशांचं सांगितलं नाही तर लेख अपुरा राहील. मतांमागे पैसे वाटणाऱ्यांना रोममध्ये रीतसर नाव होतं, ‘डिव्हिझोरेस’, वाटपवाले. आणि निकाल लागेपर्यंत ती रक्कम सांभाळणारे मध्यस्थ वेगळे. म्हणजे काम झालं तरच पैसे सुटणार. आपल्याकडे आदल्या रात्रीच पाकीट पोचतं, त्या मानाने आपण मतदारावर फारच विश्वास टाकतो. इ.स.पू. ५४ च्या निवडणुकीत वाटपासाठी कर्जाला इतकी मागणी आली, की रोममधला व्याजदर वर्षाला ४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेला. रोमचा प्रसिद्ध वक्ता आणि पुढारी सिसेरो याने मित्राला लिहिलेल्या पत्रात हे आहे. रिझर्व्ह बँकेने पतधोरण ठरवताना निवडणुकीचं वेळापत्रक समोर ठेवावं, ही सूचना मी यावरूनच करू धजतो.

हाच सिसेरो इ.स.पू. ६४ मध्ये कॉन्सल या रोमच्या सर्वोच्च पदासाठी उभा राहिला, तेव्हा धाकटा भाऊ क्विंटस याने त्याला प्रचाराबद्दल एक लांबलचक सल्ला लिहून दिला असं सांगतात. तो भावानेच लिहिला का, याबद्दल काही विद्वान शंका घेतात. कुणी का लिहिला असेना, माणूस पोचलेला होता. त्याचा हिशोब बघा : कुणी काही मागितलं तर हो म्हणावं. नाही म्हटलंत तर तो माणूस लगेच, नक्की आणि कायमचा रागावतो. हो म्हटलंत तर कदाचित तो मागायला येणारच नाही, आला तरी पुढे कधीतरी येईल, आणि तेव्हा रागावलाच तर रागावणारे थोडेच असतील. आपले जाहीरनामे मी दर निवडणुकीला वाचतो. दोन हजार वर्षांत या हिशोबात एका पैचीही चूक कुणाला काढता आलेली नाही. सिसेरो निवडून आला, हे वेगळं सांगायला नकोच. कॉन्सल झाल्यावर त्याने लाच देणाऱ्या उमेदवारांना दहा वर्षं हद्दपार करण्याचा कायदा केला. स्वतःची निवडणूक उरकलेली होती.

भिंती रंगवण्यात पॉम्पेई पुढे. इसवी सन ७९ मध्ये व्हिसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, त्यामुळे तिथल्या भिंतींवरचा प्रचार आचारसंहिता पथकाच्या हाती लागला नाही आणि शाबूत राहिला. दोन हजारांहून अधिक घोषणा सापडल्या आहेत. अमक्याला निवडून द्या, विनंती करणार : समस्त परीट. समस्त बेकरीवाले. समस्त फळवाले. आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर खाली शुभेच्छुक म्हणून चाळीस मुंडकी असतात, तीच पद्धत. मार्कस सेरिनियस व्हाटिया नावाच्या उमेदवाराला मात्र तीन संघटनांचा जाहीर पाठिंबा होता : समस्त रात्रपिणारे, समस्त झोपाळू आणि भुरटे चोर. हे विरोधकांनी रंगवलं असावं असा अंदाज आहे. मला तितकी खात्री नाही. पाठिंबा कुणाचा आहे हे असं मोकळेपणाने सांगणारा उमेदवार मला आवडला असता.

असो. आपण कँडिडेट म्हणत नाही, उमेदवार म्हणतो. हा शब्द आला फारसीतून. उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे जो आशा लावून बसलाय तो. त्याच्या कपड्यांबद्दल हा शब्द काही बोलत नाही, लायकीबद्दल नाही, मतदाराबद्दल तर नाहीच. एका माणसाला आशा आहे, एवढंच. हिंदीने संस्कृताकडे वळून ‘प्रत्याशी’ शब्द घेतला, पण आशा तिथेही सुटली नाही.

आपल्याकडे हा माणूस निवडणुकांच्या आधीपासून आहे. जुन्या कचेऱ्यांत उमेदवार म्हणजे पगाराशिवाय राबणारा पोरगा. आज ना उद्या जागा रिकामी होईल, साहेबांची नजर पडेल, या आशेवर तो फायली उचलायचा, शाई भरायचा, वरिष्ठांची पानसुपारी बघायचा. नाटकात, छापखान्यात, वकिलाच्या हाताखाली, सगळीकडे माणसं ‘उमेदवारी करत’. आजही एखादा नट आपले उपाशी दिवस सांगतो तेव्हा ‘माझा उमेदवारीचा काळ’ म्हणतो. राजकारणातला मूळ उमेदवार मला तोच वाटतो : सतरंज्या उचलणारा, खुर्च्या मांडणारा, साहेबांच्या वाढदिवसाला रक्तदान करून पुन्हा केळी वाटायला उभा राहणारा. वीस वर्षं पगाराविना उमेदवारी करतो तो, आणि ऐनवेळी एबी फॉर्म मिळतो परवा पक्षात आलेल्याला. मग ज्याची उमेद गेली तो ‘बंडोबा’ होतो, आणि अर्ज मागे घेण्याच्या दिवशी तीन वाजेपर्यंत त्याचा थंडोबाही करून टाकतात. मराठी वृत्तपत्रांनी या प्रवासातल्या प्रत्येक मुक्कामाला नाव दिलंय : इच्छुक, भावी, संभाव्य, अधिकृत, बंडखोर, अपक्ष, पराभूत. शेवटच्या मुक्कामानंतर गाडी परत ‘भावी’ला येते.

उमेद ही वस्तू किती चिवट असते याचे आकडे आहेत. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उभे होते. विधानसभेसाठी सर्वसाधारण अनामत रक्कम १० हजार रुपये. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा अधिक मतं मिळाली नाहीत की ती जप्त. उभे राहिलेल्यांपैकी बहुतेकांना हे पैसे परत दिसणार नाहीत, हे साधं गणित आहे, आणि ते मांडता येऊनही माणसं भरतात. तमिळनाडूत मेट्टूरला के. पद्मराजन म्हणून टायर दुरुस्तीचं दुकान असलेले एक गृहस्थ आहेत. ते १९८८ पासून दोनशेहून अधिक निवडणुका लढले आणि सगळ्या हरले. निवडून यावं अशी त्यांची इच्छाच नाही. हरणं हाच त्यांचा जाहीरनामा. व्याकरणाच्या दृष्टीने बघितलं तर देशातला हा एकमेव उमेदीवाचूनचा उमेदवार.

जाता जाता मतदाराचंही बघू. ‘मत’ संस्कृत आणि ‘दार’ फारसी, दुकानदार-जमीनदारातला. दुकानदाराकडे दुकान असतं, जमीनदाराकडे जमीन, तसं मतदाराकडे मत असतं. ते एका दिवसात देऊन टाकलं की त्याच्यापाशी उरतं ते नुसतं दार. तेही निवडून आलेल्याचं, बंगल्याचं, बाहेरून बघायचं.

रोमच्या मतदारापेक्षा आपली एक सोय मात्र चांगली आहे. खडूच्या आत काय आहे हे त्याला उमेदवाराचा टोगा वाऱ्याने उडाला तरच दिसायचं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नमुना २६. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे, सगळं त्यात असतं, आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट उघडता येतं. पुढच्या खेपेला पांढराशुभ्र गृहस्थ दारात येऊन गुडघ्याची चौकशी करून गेला, की चहा ठेवा आणि उकळेपर्यंत त्याचा नमुना २६ वाचून काढा. मालमत्तेचा रकाना लांब असेल. तेव्हा गॅस बारीक ठेवा.